शेतापर्यंतचा शेवटचा तुकडा: रस्ता, लाईट, पाणी आणि छोट्या शेतकऱ्याचा उतारा

सोलापुरात बसून भातावर काय लिहायलास बाबा, असं कुणीतरी म्हणणारच. खरंय ते, आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही सप्टेंबरात आला तर आला, त्यामुळं आपलं खाणं म्हणजे ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी, आणि तांदूळ म्हणजे किराणा दुकानातून आणायची वस्तू. पण गावातल्या सोयींचा छोट्या शेतकऱ्याच्या उत्पन्नावर काय परिणाम होतो यावर जगात जे अभ्यास झालेत त्यातले बरेचसे भाताच्याच मुलखातले आहेत, बांगलादेश, मादागास्कर, आपला पूर्व भारत, आणि ते वाचायला घेतले की दर दुसऱ्या पानावर मोहोळ, माढा, सांगोला आठवायला लागतंय. पीक वेगळं, पण घोडं पेंड खातं ते त्याच जागी. म्हणून भात आणि आपली ज्वारी-कांदा शेजारी ठेवून हा विषय सांगतो.

उतारा म्हणजे एकरामागं किती पोती निघाली, हे सगळ्यांना माहितीय. उत्पादकता त्याच्यापेक्षा थोडी मोठी गोष्ट आहे, एका माणसाच्या दिवसभराच्या कामामागं किती निघालं आणि घातलेल्या रुपयामागं किती हातात आलं हे पण त्यात येतं. आणि छोटा शेतकरी म्हणजे सरकारी हिशोबात २ हेक्टरच्या आतला, म्हणजे पाच एकराच्या आतबाहेर. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातले ८६ टक्के खातेदार ह्याच गटात निघाले, सरासरी धारण क्षेत्र १.०८ हेक्टर, आपल्या महाराष्ट्रात १.३४. तेव्हा छोटा शेतकरी म्हणजे कुणी कोपऱ्यातला अपवाद नाही, बहुतेक शेतकरी त्याच गटातले आहेत.

लोकांना वाटतं रस्ता झाला की पीक वाढतं. डांबरानं पीक वाढत नसतं. रस्ता, लाईट, चारी (कालव्याचा शेतापर्यंतचा छोटा फाटा), गोदाम ह्या सगळ्यांतून शेतकऱ्याला मिळतं ते एवढंच की काम वेळेवर होतं, आणि शेतीत वेळेवर म्हणजे आठ दिवसांचा खेळ असतो, कधी कधी दोनच दिवसांचा. मोठा बागायतदार ही वेळ विकत घेतो, घरचा ट्रॅक्टर, घरचं जनरेटर, प्लास्टिक टाकलेलं शेततळं, दारात पिकअप. अडीच एकरवाल्याला ती विकत घेता येत नाही, त्याला गावाची जी सोय असेल तिच्यावरच भागवावं लागतं, आणि म्हणून सोय बिघडली की पहिला फटका त्याला बसतो आणि सुधारली की फायदाही (निदान कागदावर तरी) त्यालाच जास्त व्हायला पाहिजे. तो कागदावरून शेतात का उतरत नाही हा खरा प्रश्न आहे.

वापसा कुणासाठी थांबत नाही

आपली रब्बी ज्वारी घ्या. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रावर निवडलेला, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर आता भौगोलिक मानांकन पण आहे. हे पीक जवळजवळ सगळं जमिनीत साठलेल्या ओलीवर येतं, पेरणीची वेळ साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, आणि त्या महिन्याभरात सुद्धा पाऊस उघडून वापसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली, की हाताशी थोडेच दिवस असतात. भारी काळी जमीन, आज पाय रुततोय आणि चार दिवसांनी ढेकूळ फुटत नाही.

मोहोळ तालुक्यात माझ्या मामांची अडीच एकर आहे. गावापर्यंत रस्ता चांगला डांबरी, एसटी येते, पण शेत मात्र तिघांच्या पलीकडं, मधनं पाणंद. ती पाणंद कागदावर बैलगाडी सहज जाईल एवढी आहे, प्रत्यक्षात दोन्हीकडच्यांनी दरवर्षी नांगराचं एकेक तास (ओळ) आत घेत घेत तिची पायवाट करून टाकलीय आणि पावसाळ्यात शेजारच्या शेताचं पाणी त्यातच सोडलेलं असतं. गेल्या खेपेला वापसा आला तेव्हा रस्त्याकडंच्या सगळ्या रानात दोन दिवसांत पेरणी उरकली, आणि ट्रॅक्टरवाला मामांना म्हणाला, "मामा, तुमच्या वाटेत रुतलं तर दुसरा ट्रॅक्टर आणून ओढायचं भाडं कोण देणार? चिखल वाळू द्या, मग येतो." चिखल वाळेपर्यंत शेतातली वरची ओल उडाली. बी खाली पडलं पण उगवण विरळ, मधे मधे नांग्या, आणि पुढं दाणे भरायच्या टायमाला जमिनीत ओलच उरली नाही. कणसं बारीक, कडबा पण आखूड. बी तेच, जमीन तीच, शेजाऱ्यापेक्षा उतारा कमी. आणि पंचनामा करायला कुणी आलंच असतं तर कारण काय लिहिलं असतं, अपुरा पाऊस. पाणंदीचं नाव कुठंच येत नाही. मला ह्या विषयातली सगळ्यात मोठी गोम हीच वाटते, सोय नसल्यामुळं झालेलं नुकसान कायम दुसऱ्याच कुणाच्या नावावर पडतं, कधी पावसाच्या, कधी बियाण्याच्या, आणि बऱ्याचदा शेतकऱ्याच्या आळसाच्या.

आता हेच भातात बघा. भाताचं रोप गादीवाफ्यावर साधारण २१ ते २५ दिवसांचं झालं की लावायचं असतं, कारण लावणीनंतर त्याला फुटवे फुटतात आणि जेवढे फुटवे तेवढ्या लोंब्या. तेच रोप चाळीस दिवसांचं होईपर्यंत वाफ्यातच राहिलं तर म्हातारं होतं, फुटवे कमी, उतारा तिथंच गेला, नंतर कितीही युरिया टाका. लावणीच्या आधी चिखलणी पाहिजे, चिखलणीला शेतात पाणी पाहिजे आणि पॉवर टिलर नाहीतर ट्रॅक्टर पाहिजे, आणि गंमत म्हणजे पंचक्रोशीतल्या प्रत्येकाला ते त्याच आठवड्यात पाहिजे असतं. ज्या गावाला बारमाही रस्ता आहे तिथं बाहेरच्या तालुक्यातनं मशिनी येतात, मजुरांची गाडी येते, भाडं पण चढाओढीनं जरा उतरतं. ज्या गावाला पावसाळ्यात ओढा आडवा येतो तिथं गावात असतील तेवढ्याच दोन मशिनी, नंबर लागेल तेव्हा लागेल, आणि नंबरात छोटा शेतकरी शेवटी. भंडारा-गोंदियाकडं धानाची रोवणी बऱ्याच ठिकाणी मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाण्यावर चालते, कोहळी समाजानं बांधलेली ही जुनी तळी, आता कित्येकांत गाळ भरलाय, पाट फुटलेत. तलाव आहे म्हणजे सिंचन आहे असं नोंदीत दिसतं, पण पाऊस आठ-दहा दिवस गायब झाला आणि पाटातनं शेवटच्या बांधीपर्यंत (भाताच्या खाचरापर्यंत) पाणी पोचलं नाही तर तो तलाव त्या बांधीसाठी नसल्यातच जमा.

पट्टीवरचा हिशोब

रस्त्याचा दुसरा परिणाम बाजाराच्या बाजूनं होतो, आणि तो सोलापूरकरांना समजावून सांगायची गरजच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूर मार्केटला कांदा आणला, दहा पिशव्या, ५१२ किलो, साधारण ७० किलोमीटरवरून. भाव लागला किलोला एक रुपया. म्हणजे ५१२ रुपये, त्यातनं गाडीभाडं, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे गेले आणि राहिले २ रुपये ४९ पैसे. चेक मिळाला दोन रुपयांचा. ती पट्टी (आडत्याची हिशोबाची पावती) सगळ्या देशानं मोबाईलवर बघितली, लोक भावावर बोलले, सरकारवर बोलले, ते योग्यच होतं. पण त्या पट्टीत अजून एक गोष्ट होती जी फारशी कुणी वाचली नाही.

५०९ भागिले ५१२ करा. माल शेतातनं बाजारात नेऊन विकायचा खर्च किलोला जवळजवळ एक रुपया. हा खर्च भावाच्या टक्केवारीवर नसतो, पिशवीमागं असतो. भाव पंधरा रुपये असला तरी एक रुपया, भाव एक रुपया असला तरी एक रुपया. भाव चांगला असताना तो दिसत नाही, पडला की तेवढाच दिसतो. आणि दहा पिशव्यावाल्याला तो जास्त पडतो, कारण आख्खा ट्रक भरणारा शेतकरी भाडं ठरवताना घासाघीस करतो, दहा पिशव्यांसाठी कुणी वेगळी गाडी काढत नाही, दुसऱ्याच्या मालात टाकून पाठवायचं आणि गाडी ज्या दिवशी निघेल त्या दिवशीचा भाव घ्यायचा. रस्ता खराब असेल तर गाडीवाला टायर-पाटा-डिझेल सगळं धरूनच भाडं सांगतो. डाळिंबाला तर धक्क्यानं डाग पडतो, वर काही दिसत नाही पण आतनं दाणा काळवंडतो, आणि सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला विचारा डागी मालाची प्रतवारी कुठं जाऊन बसते.

पण हा तर भावाचा प्रश्न झाला, उताऱ्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जरा वळसा घेऊन येतो. युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीची किंमत सगळीकडं सारखीच, २६६ रुपये ५० पैसे. पण ती पिशवी तालुक्याच्या दुकानातनं वस्तीवर न्यायची तर वर भाडं, दिवसाचा खाडा, आणि वाटेत ओढा असेल तर डोक्यावर. म्हणजे आडरानातल्या शेतकऱ्याला खत महाग पडतं आणि त्याचा माल स्वस्तात जातो, दोन्हीकडनं चिमटा. मग तो काय करतो, अगदी शहाणपणानं विचार करून कमी खत टाकतो. दुसरा हप्ता देतच नाही. सुधारित बी घेत नाही, घरचंच पेरतो. दोन रुपये कमी येतील पण बुडणार तरी नाही. बाहेरून बघणारा म्हणतो ह्या लोकांना शास्त्रीय शेती कळत नाही. अहो कळतंय चांगलं, परवडत नाही. बांगलादेशात भातावर १९९० साली असाच एक मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात रस्ते-बाजार-वीज चांगली असलेली गावं आणि नसलेली गावं शेजारी ठेवून बघितली तर सोयीच्या गावातल्या घरांचं उत्पन्न साधारण एक तृतीयांशानं जास्त निघालं, खत जास्त वापरलेलं दिसलं, सुधारित भात जास्त क्षेत्रावर दिसला. आपल्याकडं प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतनं जोडल्या गेलेल्या भागांवर शिल्पा अग्रवाल यांचा २०१८ चा अभ्यास आहे, त्यातही रस्ता आल्यावर खत आणि संकरित बियाण्याचा वापर वाढल्याचं दिसतं.

बाजाराचं अजून एक. कांद्याला चाळ बांधा, साठवा, भाव आला की विका, असं सगळेच सांगतात. चाळ चांगलीच गोष्ट आहे, पण सोलापूरच्या मार्केटला डिसेंबर-जानेवारीत जो लाल कांदा ट्रकच्या ट्रक भरून येतो तो टिकाऊ नसतोच, साठवायचा कांदा उन्हाळी. लाल कांद्याला चाळीपेक्षा लवकर बाजार गाठणं महत्त्वाचं. म्हणजे कुठली सोय कामाची हे पीक ठरवतं, योजनेचा बोर्ड नाही. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल सुटली ती आपल्या सांगोल्यातनंच, बंगालातल्या शालीमारला, भाजीपाला आणि फळं घेऊन, भाड्यात पन्नास टक्के सवलतीनं. सांगोल्याच्या डाळिंबाला कलकत्त्याचं गिऱ्हाईक मिळालं ते रुळामुळं, हे काही नवीन नाही, आपली कुर्डुवाडी-बार्शी लाईट रेल्वे १८९७ ची, बार्शीची पेठ वाढली त्यात तिचा वाटा होताच. पण रेल्वे स्टेशनपर्यंत माल आणायचा तो पुन्हा त्याच पाणंदीतनं.

लाईट आहे, पण कधी आहे

शेतीपंपाला आपल्याकडं वर्षानुवर्षं एक आठवडा दिवसा आठ तास थ्री फेज, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत पाणी धरायचं म्हणजे बॅटरी घेऊन बांधावर, पायाखाली काय आहे दिसत नाही, थंडीत ज्वारीला पाणी देणाऱ्याला विचारा. ह्यात उत्पादकता कशी जाते बघा: माणूस मोटर चालू करून झोपतो, ऑटो लावलेलाच असतो, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. एका वाफ्यात गुडघाभर पाणी, दुसरा कोरडा. अर्ध्या पाण्यात जेवढं भिजलं असतं त्याला पूर्ण पाणी लागतं आणि तरी पीक एकसारखं येत नाही.

आणि डीपी, म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर. ज्यांनी शेती केली नाही त्यांना ह्या दोन अक्षरांचं वजन कळणार नाही. एका डीपीवर बसतील त्यापेक्षा जास्त मोटरी, नोंदलेल्या एवढ्या आणि आकडे टाकलेल्या तेवढ्याच, सगळ्यांचे ऑटो एकाच सेकंदाला ओढतात, होल्टेज पडतं, मोटर नुसती गुरगुरते आणि वायंडिंग जळतं, नाहीतर डीपीच जातो. मग वर्गणी. टेम्पोचं भाडं शेतकऱ्यांनी द्यायचं, कुणाचं बिल थकलंय त्यावरून भांडणं, नवीन डीपी कधी येईल ते देव जाणे. आमच्याकडं एकदा कांदा पोसायच्या ऐन टायमाला डीपी गेला. त्या दिवसांत कांद्याला पाण्याचा ताण बसला की गाठ फुगतच नाही, गोल्टी राहते, आणि नंतर पाणी दिलं तर दुभाळके (जोडकांदे) निघतात. ज्याच्याकडं जनरेटर होतं त्यानं डिझेल जाळून पीक वाचवलं. बाकीच्यांची गोल्टी. पुन्हा तेच, पैसेवाल्यानं वेळ विकत घेतली.

२०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, चांगलं झालं, बिलाचा घोर गेला. पण माझं मत विचाराल तर छोट्या शेतकऱ्याला बिलापेक्षा तासाचं दुखणं जास्त होतं. म्हणून मला सौर कृषी वाहिनीची कल्पना जास्त कामाची वाटते, २०१७ ला सुरू झाली आणि २०२३ ला पुन्हा मोठी केली, गावाजवळच्या उपकेंद्राला सौर प्रकल्प जोडायचा आणि शेतीला दिवसा लाईट द्यायची. दिवसा लाईट म्हणजे उजेडात पाणी, बाईमाणसाला पण दारं धरता येतं, पाणी मोजून देता येतं. पूर्व भारतात भाताला अजून कित्येक ठिकाणी डिझेल इंजिनानं पाणी देतात, तिथं पावसानं दडी मारली की शेतकरी आकाशाकडं बघत थांबतो, कारण एका पाण्याचं डिझेल म्हणजे रोख पैसे, आणि थांबण्यात जे दिवस जातात त्यात भेगा पडतात. तारेवरची वीज तिथं पोचली तर तो वाट बघत बसत नाही, लगेच पाणी देतो. इथंही मिळतात ते दिवसच.

उजनी प्लसमध्ये आली म्हणजे कुणाला आली

उजनीबद्दल सोलापूरकराला नवीन काय सांगणार, तरी बाहेरच्यांसाठी: भीमेवरचं धरण, एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, पण त्यातला ६३ च्या आसपास मृत साठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खालचा. टक्केवारी मोजतात ती वरच्या ५३-५४ टीएमसीची. म्हणून उजनी मायनसमध्ये जाते, २०२४ च्या उन्हाळ्यात तर उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती, धरणात पाणी दिसतंय पण कालव्यात येत नाही.

इथं मोठी सोय आणि छोटी सोय ह्यातला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. धरण आहे, डावा-उजवा कालवा आहे, भीमा-सीना जोड बोगदा आहे, ठिकठिकाणी उपसा योजना आहेत. पण आवर्तन सुटलं की वरच्या अंगाचा ऊस आधी पितो, मग मधले, आणि टेलला (कालव्याच्या शेवटाला) पाणी पोचेपर्यंत आवर्तन बंद व्हायची वेळ. चारीत गवत, गेटला कुलूप नाही, कुणीतरी रात्रीत पाइप टाकलेला. पाच इंची पाइपलाइन टाकून शेवटचा तुकडा दोन इंची जोडला तर टोकाला पाणी दोन इंचाचंच पडणार, मग मागं धरण कितीही मोठं असो. टेलच्या शेतकऱ्याला पाणी किती मिळणार यापेक्षा ते कधी येणार हे माहीत नसणं जास्त नडतं. पाणी ठरल्या तारखेला येणार अशी खात्री असेल तर कमी पाण्यात सुद्धा माणूस बेत आखतो, कांदा किती, ज्वारी किती, हरभरा किती. खात्री नसेल तर तो सगळ्यात बिनधोक, सगळ्यात बिनखर्चाचं पीक घेतो. म्हणून पाणी टेलकडून हेडकडं वाटायचा जो नियम सांगतात तो नुसता न्यायाचा नाही, उताऱ्याचा पण आहे.

अजून एक कडू गोष्ट. सोय आली की पीक बदलतं, आणि नेहमी शहाण्या दिशेनंच बदलतं असं नाही. पाणी आणि कारखान्याचा रस्ता दोन्ही मिळाले की ज्वारीचा ऊस होतो, साडेपाचशे मिलिमीटरच्या जिल्ह्यात. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, उसाला तोडणी, वाहतूक, ठरलेलं गिऱ्हाईक अशी आख्खी व्यवस्था मागं उभी आहे, ज्वारीमागं काय आहे? पंजाबात भाताचं तेच झालं, फुकट वीज आणि हमखास सरकारी खरेदी, मग जमिनीखालचं पाणी खाली खाली जात राहिलं तरी भात सुटत नाही.

शेतात काही न बदलता वाढणारा तांदूळ

भाताची एक गोष्ट मला फार आवडते कारण ती शेताच्या बाहेरची आहे. भात कापताना दाण्यात २० ते २५ टक्के ओल असते, साठवायला ती १४ टक्क्यांवर आणावी लागते. खळं नसेल, ताडपत्री नसेल, ऐनवेळी पाऊस आला, मग रस्त्यावर वाळवायचं, एकदा भिजलं एकदा तापलं की दाण्याला आतनं चीर जाते. ती दिसत नाही, गिरणीत गेल्यावर कणी होते. आणि गिरणी कुठली त्यावर पण आहे: खेड्यातल्या जुन्या, एकाच फेरीत भात सडणाऱ्या हलरमधनं १०० किलो भाताला ५३ ते ५५ किलो तांदूळ पडतो, त्यातही तुकडा भरपूर. सरकार गिरण्यांकडून साध्या तांदळाचा हिशोब घेतं तो १०० ला ६७ किलो. हा मधला बारा-चौदा किलोचा फरक शेतात एक दाणा जास्त न पिकवता मिळतो. शेतकऱ्यानं घाम गाळून उतारा दहा टक्क्यांनी वाढवायचा आणि तो हलरच्या कोंड्यात घालवायचा, याला काय अर्थ आहे. खळं, वाळवण यंत्र, बरी गिरणी, ह्या गोष्टींचं कुणी उद्घाटन करत नाही, फीत कापायला पूल बरा पडतो.

मग फक्त रस्ता करून भागतं का

इथं दोन अभ्यास समोरासमोर ठेवतो, कारण ह्या विषयावर सरसकट बोलणाऱ्यांनी दोन्ही बघितले पाहिजेत. शेंगेन फॅन, पीटर हॅझेल आणि आपले सुखदेव थोरात यांनी १९९९ मध्ये भारतातल्या सरकारी खर्चाचा हिशोब मांडला, कशावर रुपया घातला की काय निघतं. गरिबी कमी करण्यात ग्रामीण रस्ते पहिले आले, आणि शेतीची उत्पादकता वाढवण्यात पहिला नंबर शेती संशोधन आणि विस्ताराचा, रस्त्यांचा फायदा तिथंही चांगलाच होता. मग २०२० मध्ये सॅम अॅशर आणि पॉल नोवोसाद यांनी ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांवर अभ्यास छापला. ही योजना डिसेंबर २००० ची, सपाट भागात ५०० च्या वर लोकवस्ती असलेल्या वाड्या-वस्त्या बारमाही रस्त्यानं जोडायची. त्यांना काय दिसलं, रस्ता झाल्यावर लोक शेतीतनं बाहेरच्या कामाला जायला लागले, पण शेतीच्या उत्पन्नात, पिकात, अवजारात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

मला हे दोन्ही पटतात आणि त्यात फार भांडण आहे असं वाटत नाही. रस्ता दोन्हीकडं जातो. त्याच्यावरून खत आत येतं आणि त्याच्यावरून पोरगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला पण जातो, कारण महिन्याचा पगार हा कांद्याच्या पट्टीपेक्षा भरवशाचा आहे. रस्ता आला पण लाईट रात्रीचीच राहिली, चारी कोरडीच राहिली, बाजारात अडत-हमालीची तीच गत, तर त्या एकट्या रस्त्यानं शेतात काय बदलणार? अपेक्षा चुकीच्या जागी ठेवलीय. आणि तो डांबरी रस्ता गावाला येतो, शेताला नाही.

आणि शेवटच्या तुकड्याबद्दल करता येण्यासारखं थोडं तरी आहे म्हणून तेवढं सांगतो. शेताला वाट आधीपासून आहे पण कुणी अडवलीय, नांगरलीय, काटे टाकलेत, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं अर्ज करायचा. वाटच नाही, नवीन पाहिजे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३, त्यात बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्ही अर्ज वेगळे, चुकीच्या कलमाखाली केला की फिरून पहिल्यापासून. सोबत सातबारा, भूमी अभिलेखचा नकाशा, आजूबाजूच्या खातेदारांची नावं लागतात, नंतर स्थळ पाहणी होते. पाणंद मजबूत करायला २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, रोजगार हमीशी जोडलेली, पण त्यात ग्रामपंचायतीचा ठराव आणि अतिक्रमण सोडायला शेजाऱ्यांची तयारी आधी लागायची. २०२५ मध्ये शासनानं शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद धरायचा आणि त्याची सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद घ्यायची असा निर्णय काढलाय, त्यामुळं एकदा मिळालेला रस्ता पुढच्या वाटणीत गायब होणं अवघड जाईल. मामांनी अर्ज कलम ५ खाली टाकलाय, पाहणी अजून व्हायचीय, आणि एका शेजाऱ्यानं तोवर तिथं ऊस लावलाय.